ठोकआत्या आणि तिसरा हात

ठोकआत्या कोणतीही वस्तू आधी बोटाच्या पेराने ठोकून पाहायची. मग कानाशी धरायची, मग नाकाशी. माठ, नारळ, पाण्याचा पितळी गुंड यांचं एक वेळ समजू शकतं. ती नवी खाट आणि पाहुण्याने आणलेली मिठाईची पेटीही ठोकायची. बाबांची ही थोरली बहीण आमच्याकडेच राहायची. अनसिंगमध्ये कोणाला काही मोठं घ्यायचं असलं की तिला बाजाराला सोबत नेत. तिला लांबून पाहूनच दुकानदार चांगला माल काढून ठेवायचे, आणि इतक्या निमूटपणे काढला म्हणूनही तिला संशय यायचा.

तिचा राग लबाडीवर कमी आणि उदारपणावर जास्त. भाजीवालीने मूठभर मिरच्या वर टाकल्या की ती खालच्या मिरच्या उपसून पाहायची. "कमी देणारा समजते," म्हणायची, "जास्त देणारा कायले देऊन राह्यला, ते पाहा." आम्ही हसायचो. माझ्या लग्नाची बोलणी सुरू झाली तेव्हा मात्र माझं हसू पळालं.

मुलगा मूळ रिसोडकडचा, मुंबईच्या गोदीत कारकून. मी गावच्या शाळेत शिकवते, मुलांकडून मातीचे बैल करून घेते, हे त्याला कोणीतरी सांगितलं असावं. पाहायला आला तेव्हा केळी-पेढ्यांबरोबर त्याने पुठ्ठ्याचा एक खोका माझ्यापुढे ठेवला. एका परदेशी खलाशाने त्याला तो भेट दिला होता. वर लाल कोटातल्या घोडेस्वाराचं चित्र, आत प्लॅस्टिकचे राखाडी तुकडे, चौकटींना चिकटलेले. तोडायचे, जोडायचे, की घोडेस्वार तयार. मला खोका आवडला आणि देणाराही आवडला. पाहुणे एसटीने गेले आणि आत्या खोका मांडीवर घेऊन बसली.

"वर लाल, आत राख," ती म्हणाली. "सुरुवातच अशी."

रेशीम पारखताना धाग्याचं टोक जाळून वास घ्यायची तिची रीत. तसा तिने चौकटीचा रिकामा कोपरा जाळून पाहिला. एक काडी वाकवली; ती पांढरी पडली, पण मोडली नाही. साच्याच्या दोन फाका मिळतात त्या रेघेवरून तिने नख फिरवलं. घोड्याच्या पोटाचे दोन भाग एकमेकांवर बसवून उन्हासमोर धरले. फटीतून उजेड दिसेना, तेव्हा तिने नाइलाजाने मान हलवली. आयाळीचे केससुद्धा सुटे सुटे कोरलेले होते. माल पक्का, हे तिला मान्य करावं लागलं, आणि त्यामुळे ती जास्तच अस्वस्थ झाली. मग तिने सगळे तुकडे परातीत मांडले आणि तिला तिसरा हात सापडला. डावा एक, उजवे दोन, त्यातला एक जरा जास्त वाकलेला.

खोक्यातला कागद परक्या भाषेत होता. बाबा म्हणाले, कारखान्यात चुकून पडला असेल. आमच्या हेडमास्तरांच्या मते एखादा मोडला तर म्हणून दिलेला. बाबांच्या ओळखीचे एक स्टेशनमास्तर म्हणाले, साहेब लोकांकडे असा जास्तीचा तुकडा घालायची पद्धतच आहे. आत्याने तिघांचं ऐकून घेतलं आणि मुलाला पुन्हा बोलावल्याशिवाय होकार द्यायचा नाही असं बाबांना बजावलं. त्यावर मुलाच्या काकांचा निरोप आला की आम्ही पोरगी पाहिली, तुम्ही खोका पाहत बसलात, आम्हाला दुसरी स्थळं आहेत. बाबा हादरले. मी आत्याशी बोलणं सोडलं. प्लॅस्टिकच्या एका हातापायी माझं जुळत आलेलं लग्न मोडणार, या विचाराने मला तिचा मनस्वी राग आला होता.

मुलगा आला, पण एकटाच. आत्याने चहासुद्धा न विचारता तिन्ही हात त्याच्यापुढे मांडले आणि हा तिसरा कोणाचा, असं विचारलं. त्याने ते उलटसुलट करून पाहिले. कपाळ पुसलं.

"मले नाही माहीत, आत्याबाई," तो म्हणाला. "त्या खलाशाले पुसून सांगतो."

आत्याने तिन्ही हात परत परातीत टाकले. मग मला म्हणाली, "चहा टाक."

तो गेल्यावर ती चुलीपाशी माझ्याजवळ येऊन बसली. "माह्या लग्नाच्या वेळी त्यांनी बैल दाखवले, विहीर दाखवली. सारं दुसऱ्याचं," ती म्हणाली. "बापानं जे इचारलं त्याचं उत्तर त्यांच्यापाशी तयार होतं. याच्यापाशी नाही." एवढंच बोलली. ती माहेरी का राहते हे घरात कोणी कधी सांगितलं नव्हतं. माझा राग तिथेच विरघळला, आणि मी तिच्या गळ्यात पडून रडले.

लग्न झालं. खोका माझ्याबरोबर मुंबईला आला, तिसरा हात मात्र तिने आपल्या पानसुपारीच्या चंचीत ठेवून घेतला; उत्तर आलं की देईन म्हणाली. तो खलाशी पुन्हा आलाच नाही. आम्ही अनसिंगला गेलो की यांनी पायातल्या चपला काढायच्या आत ती विचारायची, "समजलं काय?" हे म्हणायचे, "नाही, आत्याबाई." मग ती खुशीत सुपारी कातरायला घ्यायची.

पुढे दुसऱ्या एका खलाशाने उलगडा केला. दोन उजव्यांपैकी एक हात लगाम धरायचा, दुसरा तलवार उगारायचा. आपल्याला आवडेल तो लावायचा. इतकं साधं होतं. उन्हाळ्यात गेल्यावर आत्याला सांगू असं आम्ही ठरवलं. पण त्याआधीच तिच्या आजारपणाची तार आली.

ती खाटेवर अगदी एवढीशी दिसत होती. आम्हाला पाहून तिने यांना खुणेने जवळ बोलावलं.

"समजलं काय?"

यांनी माझ्याकडे पाहिलं. तिची वाट पाहणं संपवायचं त्यांच्या जिवावर आलं असावं. "नाही, आत्याबाई," ते म्हणाले. "अजून नाही."

तिने त्यांचा हात ओढून घेतला आणि बोटाच्या पेराने मनगटावर हळूच दोनदा ठोकलं. बराच वेळ त्यांच्या तोंडाकडे पाहिलं.

"हे तुमचं पयलं खोटं," ती म्हणाली, आणि उशाखालची चंची काढून तिसरा हात त्यांच्या तळव्यावर ठेवला.