खाली कोणीतरी बसलेलं दाखव

आईला सिनेमाला नेण्याची अक्कल माझीच. नव्वदच्या आसपासची गोष्ट. तिच्या पोटातली गाठ काढायची होती. ती साधी की दुसरी काही, हे काढल्याशिवाय कळणार नव्हतं. नौपाड्यातल्या हॉस्पिटलात दाखल व्हायचं म्हणून आम्ही डोंबिवलीहून आदल्या दिवशीच ठाण्याला मावशीकडे येऊन बसलेलो. नुसतं बसून दोघींचं डोकं फिरायची वेळ आली, तेव्हा म्हटलं, चल, तो अंतराळाचा इंग्रजी सिनेमा नव्याने काढलाय म्हणे. जुना तिने लग्न झाल्या झाल्या बाबांबरोबर पाहिला होता. त्यात यानातली शास्त्रज्ञ बाई शेवटी सुखरूप घरी येते, हे मी तिच्याच तोंडून शंभरदा ऐकलं होतं.

नव्या सिनेमावाल्यांनी तिला चक्क मारली! यान भरकटतं, तिचा आवाज येईनासा होतो, आणि खालची माणसं रेडिओ बंद करून, दिवे मालवून घरी जातात. संपलं. त्या दिग्दर्शकाला मी मनातल्या मनात इतक्या शिव्या घातल्या की बस्स. परतीच्या रिक्षात आई सारखी बाहेर वाकून आभाळाकडे बघत होती.

दाखल झाल्यावर तिचं प्रेशर जे चढलं ते उतरेचना. डॉक्टर म्हणाले, हे खाली आल्याशिवाय मी हात लावणार नाही. ऑपरेशन पुढे गेलं. गाठ आत तशीच.

शेवटी दुपारी तिच्या खाटेवर बसून मी म्हटलं, "आई, तो शेवट चुकलाय त्यांचा. दुसरं यान जातं आणि तिला घेऊन येतं."

"थापा मारू नकोस. इतक्या लांब दुसरं यान कुठून येणार? एसटी आहे का ती?"

"मग काय करू तिचं?"

"ती येवो नाहीतर न येवो. पण हे मेले उठून गेलेच कसे? खाली कोणीतरी बसलेलं दाखव ना!"

अस्सं होय! तेव्हा कुठे माझ्या डोक्यात प्रकाश पडला. मी ताबडतोब रेडिओपाशी एक मुलगी बसवली. साहेब म्हणतात घरी जा, तर ही भांडते. डबासुद्धा तिथेच खाते.

"डब्यात काय?"

"वालाचं बिरडं."

"बरं. नुसती बसते की बोलतेही?"

"बोलते तर! वर ऐकू जातंय की नाही देव जाणे, तरी बोलते."

प्रेशर बघायला आलेली सिस्टरही तिथेच रेंगाळली. मी सांगत राहिले आणि ऐकता ऐकता आईला झोप लागली.

प्रेशर उतरलं. ऑपरेशन झालं. रिपोर्टची वाट बघताना जीव नकोसा झाला, पण गाठ साधी निघाली. अगदी साधी! डॉक्टरांनी सांगितलं तेव्हा मी व्हरांड्यातल्या बाकावर बसकण मारली आणि रडता रडता हसत सुटले. इतकं हलकं मला नंतर कधीच वाटलं नाही.

घरी निघायच्या दिवशी आई सवयीने सिस्टरला म्हणाली, "येते हं."

"काकू!" सिस्टर दारातूनच ओरडली. "हॉस्पिटलातून निघताना येते म्हणायचं नसतं. जाते म्हणा!"

उंबऱ्याबाहेर पडताना हा शब्द तिने जन्मात कधी उच्चारला नव्हता, आम्हालाही उच्चारू दिला नव्हता. ती पायरीवर थांबली. माझा हात घट्ट धरला.

"जाते गं बाई," ती म्हणाली. "जाते, जाते, जाते!"