सुमाचं गाणं आणि तिची आवस

सुमा गेल्याचं मला तिच्या आईनेच कळवलं. धामापूरच्या शाळेत मी चौथीच्या वर्गावर होते, तेवढ्यात ऑफिसात फोन आल्याचा निरोप आला. पलीकडे पार्वतीकाकी होत्या. "लता, आमची सुमा गेली गो." मी सवयीने विचारलं, "खंय गेली?" सुमा सतत कुठे ना कुठे जायचीच... आज पुणे, उद्या नाशिक. पलीकडून काकींचं रडणं ऐकू आलं, तेव्हा मला कळलं. पुण्यातल्या कार्यक्रमानंतर मेंदूत रक्तस्राव झाला आणि इस्पितळात नेईपर्यंत सगळं संपलं होतं. वय अवघं अठ्ठावीस.

अठ्ठ्याण्णव साली आम्ही मालवणात दहावीला एका बाकावर बसायचो. तिच्या बांद्याच्या मावसभावाने गोव्याहून एक इंग्रजी रॅपची कॅसेट आणली होती. आम्हाला त्यातलं अक्षरही कळत नव्हतं. पण सुमाने बाकावर बोटांनी ठेका धरला, डोळे मिटून ऐकलं आणि म्हणाली, "लता, हे माझ्या आवशीसारखे बोलतत गो!" तिची आवस, म्हणजे पार्वतीकाकी, बाजारात मासे विकायच्या. एका दमात भाव सांगायच्या, माशाचं कौतुक करायच्या आणि शेजारणीशी भांडायच्याही. सुमा त्यांच्यामागे बसून ते सगळं वहीच्या शेवटच्या पानांवर उतरवून घ्यायची. काकींना वाटायचं, पोरगी अभ्यास करते.

पुढे मी डी.एड. केलं आणि ती मुंबईला मामाकडे गेली. कॉलेजच्या स्पर्धांमध्ये ती मालवणीत रॅप करायला लागली, तेव्हा आधी लोक हसले. मग पहिली कॅसेट आली आणि तिच्यातलं, आईच्या हाकांवरून रचलेलं बांगडा माशाचं गाणं रिक्षात, लग्नाच्या मांडवात, थेट आंबोलीच्या चहाच्या टपरीवरही वाजू लागलं. 'बांगडो ताजो, कल्ले लाल, कालचो दिसता? चुलीत घाल!' ज्या भाषेला आमच्या शाळेत गावठी म्हणत, तिच्यावर अनोळखी शहरं नाचत होती. मला केवढा अभिमान वाटायचा!

पण बाजारात वेगळंच चाललं होतं. येणारा-जाणारा काकींच्या टोपलीपुढे थांबून "चुलीत घाल!" ओरडायचा आणि हसत निघून जायचा. काकींनी हाका मारणंच सोडलं. मान खाली घालून गप्प बसायच्या. सुमाशी बोलणंही बंद झालं. दोन वर्षं मी दोघींमध्ये निरोप नेत होते, खरं तर अर्धे निरोप गिळत होते.

मग एका मे महिन्यात सुमा न कळवता आली आणि सरळ बाजारात जाऊन आईशेजारी जमिनीवर बसली. मी सोबत होते. काकी टोपलीकडे बघत म्हणाल्या, "गिऱ्हायकाक 'चुलीत घाल' म्हणान मी कधी सांगलंय गो?"

"नाय, आये."

"मग माझ्या तोंडात कित्याक घातलंस?"

सुमा रडायला लागली. "मग तू काय म्हणतंस?" तिने विचारलं.

"गिऱ्हायकान घेवक नाय तरी मी म्हणतंय, आज जावा, फाल्यां येवा." फाल्यां म्हणजे उद्या. सुमाने डोळे पुसले आणि तीच ओळ दोनदा, तीनदा हळूच म्हणून पाहिली. काकींनी तिसऱ्यांदा तिचा ठेका सुधारला.

गाणं पुन्हा रेकॉर्ड झालं. नव्या सीडीवर जुनी ओळ नव्हती आणि कार्यक्रमाच्या शेवटी सगळं सभागृह "फाल्यां येवा!" म्हणायचं. तिला खरं नाव मिळालं ते या गाण्यानेच. कुडाळच्या कार्यक्रमाला काकी अबोलीचा वळेसर माळून पहिल्या रांगेत बसल्या होत्या. नंतर लेकीकडे बघत म्हणाल्या, "बरां बोललां माझां चेडू."

गेल्या आठवड्यात काकींनी मला बोलावून घेतलं. मुंबईच्या खोलीतून सुमाची बॅग आली होती. तिच्यात एक निळी डायरी होती, अर्धी लिहिलेली. काकींना वाचता येत नाही. "वाच गो," म्हणाल्या. मी वर्गात वाचते तसं वाचायला लागले. दोन ओळींतच त्यांनी मला थांबवलं. "तसां नाय. तिच्यासारखां वाच." मी प्रयत्न केला, पण श्वास पुरेना, शब्द एकमेकांत अडकायला लागले. तेव्हा काकी माझ्यासमोर पाटावर बसल्या आणि तळहाताने जमिनीवर ठेका धरला. त्या ठेक्यावर मी वाचत गेले... एका पानावर ओळ मध्येच संपली. पुढची पानं कोरी होती. मी थांबले, तरी काकींचा हात थांबला नाही.

"पयल्यापासून वाच," त्या म्हणाल्या.