साडेचार बोटं

गॅरेजात त्याला सगळे ‘साडेचार’ म्हणत. डाव्या हाताला बोटं तेवढीच उरली होती. नावाचं त्याला काही वाटत नसे. अर्धं बोट कसं गेलं हे बाबा ज्या तऱ्हेनं सांगत, ते मात्र काळजाला लागे. "धांदरट आहे. टेकू न लावता बॉनेटखाली हात घालतं का कुणी?" एकतीस वर्षं येईल त्या पाहुण्याला बाबा हेच ऐकवत आले होते.

आणि आज तीच जुनी गाडी दारात उभी. पुढून दादा उतरला, मागून बाबा.

"बॉनेट वर राहत नाही," दादा म्हणाला. कसा आहेस, बरा आहेस, काही नाही. "चार गॅरेजं फिरलो. या गाडीतलं कुणाला काही कळत नाही."

"म्हणून वाट वाकडी केलीस होय! अडला हरी..."

"पुढचं बोलू नकोस. जमत असेल तर कर."

पाना उचलून टाळक्यात हाणावा, असं वाटलं साडेचारला. पण गाडी बाबांची. त्यांनी ती स्वतःच्या हातानं सांभाळलेली. बसवलेल्या प्रत्येक भागावर लाल रंगाचा एक ठिपका द्यायची त्यांची खोड होती.

ही गाडी धाकट्याला द्यायची, असं बाबा एकतीस वर्षांपूर्वी एका सकाळी बोलून गेले होते. त्याच दुपारी साडेचार इंजिनात हात घालून उभा असताना बॉनेट कोसळलं. जवळ फक्त दादा. "बॉनेट वर धरणारी स्प्रिंग तुटली," दादानं सांगितलं. "मी म्हणत होतो टेकू लाव, ऐकलं नाही." आठवड्याभरात बाहेरून नवी स्प्रिंग बसवून आणल्याचंही त्यानंच सांगितलं. स्प्रिंग तुटल्याचा आवाज साडेचारनं ऐकला नव्हता. पण रडत्या पोराचं कोण ऐकतं? सगळं खापर त्याच्या डोक्यावर फुटलं आणि गाडी दादाला मिळाली.

"बघून कर रे," स्टुलावर बसलेले बाबा ओरडले. "मागच्यासारखं नको!"

साडेचारनं दात ओठ खाल्ले. "टेकू मध्ये येतोय," तो दादाला म्हणाला. "बॉनेट धर."

दादानं नाइलाजानं दोन्ही हातांनी बॉनेट पेललं. साडेचारनं बिजागरीवरची स्प्रिंग सोडवली. दोन तुकडे. तुटलेली कड नव्या सुईसारखी चकचकीत होती. जुनं तुटलेलं लोखंड गंजतं, हे शेंबडं पोरही सांगेल. ही मोडून महिनासुद्धा झाला नव्हता. त्यानं अंगठ्यानं ग्रीस खरवडलं. खाली लाल ठिपका.

बदलल्याची नुसती थाप! स्प्रिंग तीच, बाबांनी बसवलेली. आणि एकतीस वर्षं ठणठणीत. चांगल्या स्प्रिंगवरचं बॉनेट आपणहून पडत नाही. कुणीतरी ते खाली ओढावं लागतं.

दादानंही ठिपका पाहिला होता.

"काय झालं?" बाबांनी विचारलं.

"काही नाही बाबा," दादा घाईनं म्हणाला. "फेकून दे रे ते भंगार."

साडेचारनं काही फेकलं नाही. त्यानं दोन्ही तुकडे बाबांच्या तळहातावर ठेवले. "दादानं बाहेरून बसवून आणलेली ती हीच ना? जरा बघा."

मग तो पुन्हा गाडीकडे गेला आणि नवी स्प्रिंग घेऊन उजवा हात, पाच बोटांचा, बॉनेटखाली कोपरापर्यंत घातला. वर दादाचे हात अजून बॉनेटला होते. कुणी कुणाकडे बघत नव्हतं.

बाबांनी तुकडा डोळ्यांशी नेला. चष्मा पुसला, पुन्हा नेला. नखानं ठिपका घासला. मग ते धडपडत स्टुलावरून उठले.

"धाकट्या," ते म्हणाले, आणि त्यांचा आवाज कधी नव्हे इतका घाबरलेला होता, "बॉनेट त्यानं धरलंय. आधी हात बाहेर काढ."