गिअरच्या खानदानातली कोरी ओळ

हनीफचाचा गेल्याचा फोन आला तेव्हा मी आठवीच्या वर्गात शिकवत होते. फळ्यावर 'गेट' लिहिलं होतं, त्याखाली 'लेट', आणि 'वेट' लिहिणार तोच पर्समधला फोन थरथरला. वर्गात मी फोन घेत नाही, पण नाव इरफानचं दिसलं, त्यांच्या मुलाचं, आणि तो कधी या वेळी फोन करत नाही. "ताई, अब्बा गेले," एवढंच तो म्हणाला. माती तिसऱ्या प्रहरी, असरच्या नमाजनंतर होती. मुख्याध्यापकांना सांगून मी घाटंजीच्या स्टँडवरून पांढरकवड्याची गाडी धरली. गाडीत मला रडू आलं नाही, राग आला. हा माणूस माझ्या नावाची एक ओळ कोरी ठेवून निघून गेला होता, आणि ती कोरी राहण्यात सगळा दोष माझा होता... या गोष्टीला सहा आठवडे झाले. आता लिहिते आहे, कारण त्या ओळीचं काय झालं ते सांगायला आता माझ्याकडे काहीतरी आहे.

हनीफचाचांचं गॅरेज पांढरकवड्याला आमच्या वस्तीच्या तोंडाशी, नागपूर–हैदराबाद रस्त्याला लागून. त्या रस्त्यावरून सगळ्या मुलखांतल्या गाड्या जातात आणि सगळ्याच कधी ना कधी बिघडतात. चाचांची शाळा चौथीपर्यंतची. बोली त्यांची वऱ्हाडी, घरात उर्दू मिसळलेली हिंदी, आणि ड्रायव्हरांशी बोलता बोलता उचललेली पंजाबी, तेलुगू. एकदा फार दक्षिणेकडचा एक ड्रायव्हर आला. त्याला हिंदी येईना, यांना त्याची भाषा येईना. तो मोडक्या इंग्रजीत काहीबाही सांगत राहिला, चाचा मान हलवत राहिले. त्यांना गिअर अडकलेला दिसला, तो त्यांनी दुरुस्त केला आणि गाडी सोडली. तो माणूस, ब्रेकचं नाव न घेता, सांगत होता ब्रेकबद्दल. चार-पाच किलोमीटरवर गाडी उलटली. तो वाचला, पण त्याचा पाय गेला. चाचा त्याला दवाखान्यात बघून आले आणि परत आल्यावर त्यांनी पहिली गोष्ट कोणती केली असेल तर शाळेच्या सामानाच्या दुकानातून एक जाडजूड रजिस्टर आणलं. तेव्हा ते चाळिशीच्या पुढे होते. या वयात माणसं नवीन चष्मा लावायलाही कुरकुरतात.

शिकवणारं कोणी नव्हतं, तेव्हा त्यांनी स्वतःची रीत काढली. हाताला जो शब्द ठाऊक आहे तिथून सुरुवात करायची. टायर माहीत आहे? मग त्याच्या शेवटाशी जुळणारे शोधायचे : फायर, वायर, हायर. जॅक माहीत आहे? मग बॅक, पॅक, ट्रॅक. एका शेवटाचे सगळे शब्द म्हणजे एक खानदान. रजिस्टरात प्रत्येक खानदानाला एक पान, वरती मोठ्या अक्षरात घरातला कर्ता, म्हणजे गॅरेजमधला शब्द, आणि खाली त्याचे नातेवाईक. शुक्रवारी जुम्म्याच्या नमाजनंतर गॅरेज बंद असायचं. संध्याकाळी शटर अर्धं वर करून चाचा आत बसायचे आणि ज्याला यायचं त्याने वाकून आत यायचं. मी नववीत होते, इंग्रजीत कच्ची. माझे बाबा कापसाच्या जिनिंगच्या फाटकावर चौकीदार होते. त्यांना सही येत नव्हती, पण मी शिकावं म्हणून ते कुणाशीही भांडले असते. त्यांनीच मला चाचांकडे धाडलं.

आता चूक सांगते. चाचा मेकॅनिक होते, आणि एका कंपनीचा पार्ट त्याच कंपनीच्या गाडीला बसतो यावर त्यांचं आयुष्य गेलं होतं. त्यांनी धरून ठेवलं की एका खानदानातल्या शब्दांचे स्वभावही सारखेच असणार. निअर म्हणजे जवळचा, डिअर म्हणजे जिवाचा. बघा, बसलं की नाही? मग फिअर? तोही गिअरच्याच पानावरचा, म्हणजे तोही प्रेमाचाच असणार. शब्दकोश पाहायची सवय दोघांनाही नव्हती. वार्षिक परीक्षेत मैत्रिणीला पत्र लिहायचं होतं. मी ते फार मनापासून लिहिलं आणि शेवटी, तिला किती जिवाभावाची मानते हे दाखवायला, 'युवर फिअर फ्रेंड' अशी सही केली.

सरांनी ते पत्र निकालाच्या दिवशी वर्गात वाचून दाखवलं. भीतीदायक मैत्रीण, असं मराठीत करूनही सांगितलं. अख्खा वर्ग हसला, सुट्टीत रस्त्यात भेटला तरी हसत होता. मी इंग्रजीत नापास झाले आणि त्याहून वाईट म्हणजे इंग्रजी शब्द तोंडातून काढायचंच बंद केलं. शब्द ओठांपर्यंत आला की तो हशा ऐकू यायचा. घरात आत्या म्हणू लागली की पोरीला शिवणकामाला बसवा. बाबा काही बोलत नव्हते, आणि ते गप्प असले की मला जास्त भीती वाटायची. त्या शब्दाचा खरा अर्थ मला असा समजला.

कोणीतरी चाचांना सांगितलं असावं. एका सकाळी ते तेलकट हातांनी आमच्या दारात उभे राहिले. आत या म्हटलं तर आले नाहीत. बाबांना म्हणाले, "दादा, पोरगी नाई चुकली. मी चुकलो. तिले एक वर्ष द्या." बाबांनी मान हलवली. पण चाचा तिथेच थांबले नाहीत. शाळा सुरू झाल्यावर एके दिवशी ते धुतलेला पांढरा सदरा घालून आमच्या वर्गाच्या दारात आले आणि सरांची परवानगी मागून सगळ्यांसमोर म्हणाले, "ते पत्र ज्या शिकवणीतून आलं ती शिकवणी माही होती. हसायचं असंल तर माह्यावर हसा." कोणी हसलं नाही. सरही ओशाळले, त्यांनी चाचांना बसायला खुर्ची दिली. मला त्या वेळी इतकी लाज वाटली होती की बाकाखाली शिरावंसं वाटत होतं. आज वाटतं, माझ्यासाठी इतकं कोणी केलं नाही.

त्या दिवसापासून रजिस्टरचा कायदा बदलला. खानदान एक म्हणजे चेहरे सारखे, धंदा ज्याचा त्याचा वेगळा, हे चाचांनी पहिल्या पानावर लिहून ठेवलं. एक जुना शब्दकोश आला. आणि सगळ्यात मोठी गोष्ट : शब्द नुसता पाठ झाला म्हणून रजिस्टरात चढणार नाही. तो कुणाशी तरी वापरला पाहिजे, ऐकणाऱ्याला त्याची गरज असली पाहिजे, आणि त्याला तो कळला पाहिजे. तेव्हा कुठे अर्थ लिहायचा, वापर लिहायचा, आणि पुढे वापरणाऱ्याने इंजिनच्या जळक्या तेलात अंगठा बुडवून उठवायचा. अंगठा का, सही का नाही, असं मी विचारलं तेव्हा ते नुसते हसले होते. कारण मला नंतर कळलं. एका शुक्रवारी बाबा स्वतः वाकून शटरखालून आत आले. फाटकावर एक पंजाबी ट्रकवाला घाई करत होता, त्याला त्यांनी हात दाखवून 'वेट' म्हटलं होतं आणि तो थांबला होता. चाचांनी 'गेट'चं पान उघडलं. आमच्या घरात अंगठा म्हणजे रेशनच्या, बँकेच्या खिडकीत खाली घातलेली मान. त्या दिवशी बाबांनी तो अंगठा असा काही उठवला की कागद फाटतो की काय वाटलं. घरी येताना ते दोनदा म्हणाले, "वेट म्हटलं अन् थांबला ना तो." बाबा आज नाहीत, पण त्या पानावर ते आहेत.

पानामागून पानं भरली. चाचींनी भाजीवाल्याच्या शहरी पाहुण्याला 'बॅक' म्हणून रस्ता सांगितला, त्यांचा अंगठा 'जॅक'खाली आहे. मी दहावी झाले, बारावी झाले, डी.एड. झाले, पुढे एम.ए.ही केलं, आणि नशिबाची थट्टा बघा, घाटंजीला इंग्रजीच शिकवू लागले. पुस्तकातलं इंग्रजी मी उत्तम शिकवते. पण समोर खराखुरा इंग्रजी बोलणारा माणूस आला, साहेब तपासणीला आले, की माझी जीभ अजून टाळूला चिकटायची. हे चाचांना ठाऊक होतं. म्हणून गिअरच्या पानावर निअर, हिअर, डिअर, क्लिअर सगळे भरलेले असूनही 'फिअर'ची ओळ त्यांनी कोरी ठेवली. दुसऱ्या कोणाला भरू दिली नाही. इरफाननेही एकदा मागितली होती. "हा तिचा हाय," एवढंच उत्तर मिळालं.

दरवर्षी विचारायचे. मी म्हणायचे, चाचा, दरवर्षी चाळीस पोरांना तो शब्द शिकवते. ते मान हलवायचे. शेवटची भेट जायच्या महिनाभर आधीची. दम लागत होता, तरी गॅरेजमध्येच बाज टाकून पडले होते, इरफानला नट कसायच्या सूचना चालू होत्या. मी बसल्यावर त्यांनी रजिस्टरकडे बोट केलं.

"झाली का वं ओळ?"

मी नेहमीचं उत्तर दिलं. ते दम गोळा करून म्हणाले, "शिकवणं वेगळं, बापा. समोरच्याले गरज पाह्यजे. मी गेल्यावर कोरी ठेवू नोको."

माती झाली त्या दिवशी मी बायकांमध्ये चाचींजवळ बसले होते. पुरुष कबरस्तानातून परतले तेव्हा चाचींनी ओढणीत गुंडाळलेलं रजिस्टर माझ्या मांडीवर ठेवलं, म्हणाल्या, तुह्यापाशी राहू दे. मी ते परत त्यांच्या हातात दिलं. ते गॅरेजमध्येच राहील आणि शुक्रवारी मी येईन, असं सांगितलं. हे बोलताना मला स्वतःलाच आश्चर्य वाटलं. पण बोलले ते बोलले. तेव्हापासून शाळा सुटली की साडेचारची गाडी धरते, एकही शुक्रवार चुकवला नाही. इरफान शटर अर्धं वर करून ठेवतो.

गेल्या शुक्रवारी आम्ही चौघं-पाच जण बसलो होतो. बाहेर हॉर्न वाजला. तामिळनाडूची गाडी, पन्नाशीचा ड्रायव्हर. त्याने वाकून आत पाहिलं आणि 'ओल्ड मॅन?' म्हणून विचारलं. इरफानने 'नो मोअर' म्हटलं. त्याने डोक्याचा टॉवेल काढून हातात घेतला. जुम्मा असूनही इरफान उठला. ब्रेक बघायचे होते. त्याने चाकं पाहिली, पेडल दाबून पाहिलं, सगळं ठीक असल्याचं खुणेने सांगितलं. ड्रायव्हर 'ओके, ओके' म्हणाला, वर चढला, इंजिन चालू केलं... आणि गाडी काही हलवेना. हात स्टिअरिंगवर, नजर पुढच्या रस्त्यावर. इरफानने पुन्हा विचारलं, त्याने पुन्हा मान हलवली. ती मान मी ओळखली. न कळलेल्या माणसाची, न सांगता आलेल्या माणसाची मान. चाचांनी आम्हाला ती इतक्यांदा हलवून दाखवली होती.

मी केबिनच्या पायरीशी गेले. मागे वर्गातला तो हशा होताच, मी तो तसाच राहू दिला.

"डू यू हॅव फिअर?"

त्याने माझ्याकडे पाहिलं. इंजिन बंद केलं. मग हाताचा पंजा उतारासारखा तिरका धरला आणि डावीकडे वळवून दाखवला. "यस, मॅडम. डाउन, डाउन, लेफ्ट गोइंग. फिअर." सपाटीवर ब्रेक ठीक लागत होते, उतारावर गाडी डावीकडे ओढत होती. इरफान पुन्हा गाडीखाली शिरला आणि या वेळी, उजवा ब्रेक कमी धरत असणार म्हणून, त्याने उजवं मागचं चाकच उतरवलं. ब्रेकच्या हवेचा पाइप आतून झिजून कागदासारखा झाला होता. काम दोन तास चाललं. ड्रायव्हर जाताना हात जोडून इरफानला काही म्हणाला, आम्हाला कोणालाच ते समजलं नाही, पण त्याची आता गरज नव्हती.

इरफानने हात पुसले आणि न सांगता गिअरचं पान उघडून माझ्यापुढे ठेवलं. मी लिहिलं : फिअर, भीती. वापर : ड्रायव्हरला विचारलं, त्याने सांगितलं, गाडी थांबली. मला सही येते, एम.ए.ची सही येते. मी जळक्या तेलाच्या डब्यात अंगठा बुडवला आणि बाबांनी उठवला होता तसा दाबून उठवला. अंगठा उमटला की चाचा त्यावर हलकेच फुंकर मारायचे. तेल काही फुंकरीने वाळत नाही, हे मेकॅनिकला कोणी सांगायला नको होतं. मीही वाकले आणि फुंकर मारली.