बाहेरून लावलेलं कुलूप

शाळेत आपत्ती व्यवस्थापनाचं शिबिर झालं तेव्हा मी हजेरी लिहायला बसले होते. जुन्नरच्या त्या शाळेत मी कार्यालयात काम करते. शिक्षक मागच्या बाकांवर मोबाईल बघत होते आणि टिपणं मी काढत होते. पुढच्या रविवारपर्यंत घरात सगळं लावून झालं. कपाट भिंतीला लोखंडी कोन मारून पक्कं केलं. कागदपत्रं प्लास्टिकच्या पिशवीत घालून दाराजवळ टांगली. टॉर्च, दोरी, सासूबाईंच्या गोळ्या, गॅस बंद कोणी करायचा, मेन स्विच कोणी, हे सगळं लिहून काढलं.

मग सराव घेतला. भूकंप झाला असं समजून तिघांनी पलंगाखाली जायचं.

"शिट्टी वाजवणार का घंटा?" यांनी विचारलं.

सासूबाई पलंगाखाली गेल्या आणि तिथूनच हसत म्हणाल्या, "अगं, भूकंपाला जेवायला बोलावलंय का? एवढी तयारी तर मी जावयाची बी केली न्हाई."

तेव्हा त्या अशा होत्या. त्यांचं विसरणं नुकतंच सुरू झालं होतं.

आमची वस्ती ओझरच्या पुढं, उसात. चार घरं, तीही लांब लांब. बिबट्याला आमच्याकडं वाघच म्हणतात, आणि वाघ उसातच असतो. त्या वर्षी त्याने आमच्या अंगणातून कुत्रा नेला, भर दुपारी. मी दुसऱ्या दिवशी वेल्डरला बोलावलं. खिडक्यांना जाळ्या बसवल्या. मागचं दार उसाकडं उघडायचं, म्हणून त्याच्यावर लोखंडी पत्रा मारून ते कायमचं बंद केलं. पुढं चॅनल गेट. कुलूप असं घेतलं की दुकानदार म्हणाला, "ताई, हे तुटायचं न्हाई." मला बरं वाटलं. वेल्डरने मागच्या दाराबद्दल विचारलं होतं, बिजागरी ठेवू का म्हणून. मी नको म्हटलं.

वर्षभरात सासूबाईंचं विसरणं वाढलं. त्या घरात बसूनच "मला घरी जायचंय" म्हणायला लागल्या आणि उठून चालायला लागायच्या. दोनदा उसाच्या कडेला सापडल्या. हे चाकणला कंपनीत, पाळीवर. मी सकाळी नऊची एसटी धरते. त्यांच्याजवळ बसायला एक बाई मिळाली होती, पण आठ दिवसांत तिला पाण्याच्या टाकीजवळ वाघ दिसला आणि ती परत आली नाही. मग मी कामाला जाताना चॅनल गेटला बाहेरून कुलूप लावायला लागले. आत पाणी, दोन भाकरी, भाजी, संडास. एक चावी माझ्या पर्समध्ये, एक यांच्या खिशात.

तिसरी चावी शेजारी द्यायला हवी होती. हाकेच्या अंतरावर एकच घर, आणि त्या घरातल्या भाऊंशी आमचं बोलणं बंद होतं. बांधावरून. त्यांनी नांगरताना बांध वीतभर आमच्याकडं सरकवला असं आमचं म्हणणं. आम्हीच आधी सरकवला होता असं त्यांचं. मी सगळी कामं वेळेत करणारी बाई, पण चावी घेऊन बांध ओलांडून जाणं माझ्याने झालं नाही. कोणासमोर वाकायचं, तर त्यांच्यासमोर?

माघात त्यांची ऊसतोड झाली. तोड झाल्यावर रानात वाळक्या पाल्याचं पाचट पडतं, ते सगळेच पेटवतात, म्हणजे खोडव्याला, बुडख्यातून फुटणाऱ्या नव्या उसाला, लगेच पाणी देता येतं. त्यांनीही दुपारी पेटवलं. वारा फिरला. आग बांध ओलांडून आमच्या उभ्या उसात आली, आणि आमचा ऊस मागच्या भिंतीपासून चार हातांवर.

फोन त्यांचाच आला. दोन वर्षांनी त्यांचा आवाज ऐकला. "वहिनी, चावी कुठंय?"

मी म्हटलं, "माझ्याकडं."

"तुमी कुठायत?"

"जुन्नरला."

त्यांनी शिवी दिली. मला की नशिबाला, माहीत नाही. फोन चालूच राहिला. कुलपावर दगड घातल्याचे आवाज आले, माणसं ओरडत होती, आणि मधे सासूबाईंचा खोकला. कोणीतरी म्हणालं, "आजी, फुडं या, गेटापाशी या!" त्या आल्या नाहीत. धुराला घाबरून त्या पलंगाखाली जाऊन बसल्या होत्या. ते मीच शिकवलं होतं. बाकी सगळं विसरल्या, तेवढं राहिलं.

कुलूप तुटलं नाही. भाऊंनी मागं जाऊन जळत्या उसाच्या बाजूने पहारीने पत्रा उचकटला आणि त्यांना ओढून बाहेर काढलं. भाऊंचे दोन्ही हात कोपरापर्यंत भाजले. मी एका शिक्षकांच्या मोटारसायकलवर पोचले तेव्हा सासूबाई भाऊंच्या ओट्यावर बसल्या होत्या, काळ्या तोंडाने, आणि त्यांच्या बायकोला सांगत होत्या, "पावणं आलं व्हतं, लई धूर केला."

मी भाऊंचे पाय धरले. ते म्हणाले, "उठा. आग माझीच व्हती."

हे सगळं होऊन गेल्यावर मला वाटलं, आता शहाणपण आलं. चूक कळली की ती दुरुस्त करायची, मी आयुष्यभर तेच केलंय. कुलूप काढून टाकलं, नुसती कडी ठेवली. तिसऱ्या दिवशी सासूबाई कालव्याच्या पलीकडच्या उसात सापडल्या, एक चप्पल पायात. तिथल्या मातीत पंजे उमटलेले होते. मग कुलूप परत लावलं, एक चावी भाऊंकडं दिली. ते स्पष्ट म्हणाले, "देता तर द्या वहिनी, पण मी काय रोज घरी बसून असतो व्हय? आमी पण रानातच." मागच्या दाराला आतून कडी करू म्हटलं, तर ती त्या उघडतात. त्यांना उघडता येणार नाही अशी केली, तर आगीतही त्यांना ती उघडता येणार नाही. मी कागदावर सगळ्या बाजूंनी मांडून पाहिलं. एका संकटाचा रस्ता बंद केला की दुसऱ्याचा उघडतो, आणि दोन्ही बंद होतील असं एकच उत्तर निघतं: मी घरी बसायचं. एकट्या यांच्या पगारावर सासूबाईंची औषधं आणि मुलीचं पुण्यातलं शिक्षण होत नाही. तेही मांडून पाहिलं.

सासूबाईंचा खोकला आता कायमचा आहे. डॉक्टर म्हणाले, छाती पहिल्यासारखी व्हायची नाही.

सकाळी पावणेनऊला मी गेट ओढते. सासूबाई आतून गज धरून उभ्या राहतात. मला ओळखत नाहीत, पण नम्रपणे बोलतात, परक्या बाईशी बोलावं तसं.

"बाई, तेवढं दार उघडता का? मला घरी जायचंय."

"येते मी साडेपाचला," मी म्हणते.

"बरं," त्या म्हणतात. "मग आमच्या सुनेला निरोप द्या. ती लगेच येईल."

मी हो म्हणते आणि किल्ली फिरवते.