डावऱ्याचं लायसन

मी डावरा. आमच्या धंद्यात त्याची कुणाला फिकीर नसते, पाइप जोडला आणि गळला नाही की झालं. पण घरी बाबांना ते कधीच पटलं नाही. डाव्या हाताने घास उचलला की पाठीत धपाटा. पेन्सिल धरली की फूटपट्टी. "लोकं काय म्हनतील रं, डाव्या हातानं जेवतंय!" शेवटी जेवण आणि लिहिणं उजव्या हातात गेलं. बाकी सगळा मी डावराच राहिलो.

पावणे गावातल्या एका लायसनवाल्या ठेकेदाराच्या हाताखाली मी प्लंबिंगचा फिटर झालो. म्हणजे आधी कित्येक वर्षं हेल्पर. पाइप उचल, कापून दे, आटे पाड, चहा सांगून ये. लायसन असंच मिळतं. आपल्या वरच्याने परीक्षेच्या साहेबांना सांगावं लागतं की पोरगा तयार झालाय. मग तोंडी परीक्षा, मग हाताची. मला घाई नव्हती. पण महाप्याला एका नव्या कारखान्याचं मोठं काम निघालं आणि त्यांनी अट घातली, फिटर लायसनवालेच पाहिजेत. ठेकेदार सरळ म्हणाला, "लायसन आण. नायतर तुला ठेवून मी काय करू? मला पन पोट हाय."

नेमकी त्याच वर्षी बाबा कामाला होते ती रंगाची कंपनी बंद पडली होती. जुईनगरच्या आमच्या घरात कमावता मी एकटा. बाबा सकाळी अंघोळ करून, भांग पाडून तयार होऊन बसायचे आणि जायचं कुठेच नसायचं. ते बघवायचं नाही.

परीक्षेला ते माझ्याबरोबर आले. नको नको म्हटलं, तरी डबा घेऊन आले आणि फाटकाबाहेर झाडाखाली बसले.

तोंडी परीक्षा झकास गेली. मग वर्कशॉपमध्ये नेलं. काम तसं रोजचंच. दोन पाइपांना आटे पाडायचे, आट्यांवर सफेदा लावून सूत गुंडाळायचं, मधे सॉकेट घालून पान्याने आवळायचं. मग साहेब हातपंपाने आत पाणी दाबणार. थेंब आला नाही की पास. डोळे मिटून केलं असतं मी. पण पाइप धरायचा वाइस बघितला आणि तिथेच अडलं. वाइसचं टेबल भिंतीला चिकटवलेलं होतं.

सूत आट्यांच्या दिशेनेच गुंडाळावं लागतं, नाहीतर सॉकेट फिरवताना सुटून येतं. माझ्या डाव्या हाताला ती दिशा टेबलाच्या पलीकडे उभं राहिलं तरच जमते. साइटवर मी कायम पलीकडेच असायचो, सगळ्यांना ते ठाऊक होतं. इथे पलीकडे भिंत!

मी म्हटलं, "साहेब, टेबल जरा ओढू का? मी डावरा आहे."

साहेब काही वाईट नव्हते. हसले आणि म्हणाले, "अरे, ते जमिनीत बोल्ट केलंय. सगळ्यांनी यावरच केलं ना? चल, कर, मागे लाइन आहे."

अलीकडून डावा हात घालून बघितला, तर कोपर अंगातच अडकत होतं. तोंडात शिव्या आल्या, पण देणार कुणाला? भिंतीला? मग घेतलं उजव्या हातात. सूत ढिलं बसलं. सॉकेट आवळलं तशी सुताची दाढीच बाहेर आली. सोडलं, पुन्हा गुंडाळलं, पुन्हा आवळलं. उजव्या हाताला पान्यावर जोर येईना. ज्या कामावर माझं घर चालत होतं, ते मी त्या दिवशी पहिल्यांदाच करतोय असं वाटत होतं. रडू यायला लागलं, खरंच सांगतो.

साहेबांनी पंप मारला. दाबाचा काटा चढला. आता माझ्या हातात काहीच नव्हतं, नुसतं बघत उभं राहायचं. सॉकेटच्या खालच्या कडेला पाणी जमलं. मी मनात म्हणत होतो, थांब, पडू नको रे, पडू नको. पडलंच ते.

"पुढच्या वेळेला ये," साहेब म्हणाले आणि त्यांनी पुढच्याला हाक मारली. पुढची वेळ म्हणजे कधी, ते विचारायचंही मला सुचलं नाही. तोवर महाप्याचं काम थोडंच थांबणार होतं.

बाहेर आलो. बाबा चटकन उठले, डबा काखेत.

"झालं का रं?"

"झालं."

पास का नापास, ते विचारायचा धीर त्यांना झाला नाही. विचारलं ते भलतंच. "कुठल्या हातानं केलंस?"

"उजव्या."

बाबांचा चेहरा असा काही फुलला की मला खाली बघावं लागलं. त्यांनी माझा उजवा हात आपल्या हातात घेतला. सफेद्याने तो अजून चिकट होता.

"ल्हानपनी लई मारलं तुला या हातापायी," ते म्हणाले. "वाईट वाटायचं रं, तुला बोललो नाय कधी. पन बघ, आज कामाला आलं का नाय?"

"आलं, बाबा," मी म्हटलं.

मग त्यांनी डबा उघडला आणि आम्ही तिथेच झाडाखाली जेवायला बसलो.