मावशींच्या पाटीतला दाणा

भात मला उत्तम शिजवता येतो. आता हे मी बिनधास्त सांगते, पण कान्हे स्टेशनजवळच्या त्या गावात लग्न होऊन आले तेव्हा असं बोलायची सोय नव्हती. माझं माहेर शिरूरकडचं, म्हणजे बाजरीचं. भाताला पाणी किती हेसुद्धा मला कळत नसणार, असं मावळातल्या बायकांनी धरूनच ठेवलं होतं.

दुसरं महायुद्ध पेटायच्या आधीची ही गोष्ट. मार्गशीर्षात खळी उरकली की गावात नव्याचं जेवण व्हायचं. घरटी एकेक पाटी नवा आंबेमोहोर देवीच्या देवळापुढे यायचा, सगळ्यांचा मिळून एकाच पातेल्यात शिजायचा, आणि पावट्याच्या आमटीबरोबर अख्खं गाव पंगतीला बसायचं. नियम एकच, तांदूळ यंदाचा हवा. ज्याचं पीक गेलं असेल त्याने नुसतं जेवायला यावं. त्यात कमीपणा नाही असं सगळे म्हणत, आणि पाटी न आणणाऱ्याकडे सगळेच बघत.

ते पातेलं वर्षानुवर्षं आमच्या शेजारच्या मावशी सांभाळत. एकट्या राहायच्या, आणि जिभेला हाड नव्हतं. त्या वर्षी त्यांचे हात थरथरायला लागले म्हणून देवळाचं बघणाऱ्या आबांनी पातेलं माझ्या हवाली केलं. मावशी सगळ्यांदेखत म्हणाल्या, "बाजरीवाली भात शिजवनार! पेज प्यायची तयारी ठेवा गं." बायका पोट धरून हसल्या. मी मनात म्हटलं, थांबा जरा.

प्रत्येक पाटीतला एक दाणा चावायचा आणि मग पाण्याचा अंदाज बांधायचा, ही रीत मावशींचीच. तीन वर्षं लांबून बघून मी ती उचलली होती. नवा दाणा दाताखाली मऊ तुटतो. जुना कट्कन वाजतो, आणि त्याला पाणीही जास्त लागतं, वेळही. दोन्ही एकदम आधणात वैरले तर नव्याचा लगदा होतो तरी जुना कच्चाच राहतो. एकेक पाटी करत मी मावशींच्या पाटीपाशी आले.

"माजा काय चावतीस? तुज्या आधीपासनं हितं भात शिजवतीया मी."

मी चावला. कट्.

मावशींनी तो आवाज ऐकला. त्यांचा चेहरा उतरला. डोंगराकडच्या त्यांच्या खाचरात रानडुकरं शिरल्याची कुणकुण मला होती, पण सगळंच पीक गेलं असेल असं वाटलं नव्हतं. आता माझा एक शब्द पुरे होता. खोटं कशाला सांगू, तो ओठांवर आलाही होता. पेजेचं चांगलं उट्टं निघालं असतं. पण ज्या बाईने इतकी वर्षं गावाला वाढलं, तिने गावासमोर रिकाम्या हाताने येऊ नये म्हणून कणगीच्या तळाचा गेल्या सालचा तांदूळ खरवडून आणला होता. तिच्या जागी मीही हेच केलं असतं.

"मावशींचा तांदूळ पयला वैरायचा," मी मोठ्याने सांगितलं. "इतकी वर्सं त्यांनी शिजवलं, मान त्यांचा."

कुणालाच वावगं वाटलं नाही. मी तो तांदूळ धुऊन वेगळा भिजत घातला, आधण आल्यावर आधी तोच वैरला, आणि तो अर्धा शिजल्यावर बाकीच्यांचा. देवीला काय सांगायचं ते माझं मी सांगणार होते. भात असा उतरला की आबांनी तीनदा मागून घेतला. मावशींनी एक घास खाल्ला आणि पंगतीला ऐकू जाईल असं म्हणाल्या, "बरा झालाय. म्या शिकवलंय तिला." मी हसून त्यांना आणखी वाढलं.

पुढच्या मार्गशीर्षात चूल पेटायच्या आधीच मावशी देवळापुढे हजर. पाटीवरचं फडकं त्यांनी स्वतः बाजूला केलं, थरथरत्या बोटांनी एक दाणा उचलला आणि सगळ्यांदेखत माझ्या तोंडापुढे धरला.

"चाव," त्या म्हणाल्या. "यंदाचा हाय."